दाताचे दुखणे कोणत्या शब्दांत सांगाल?

वाचकहो, दाढदुखी ठाऊक नाही असे घर आपल्या देशात विरळाच. परंतु आज ज्या दुखण्याविषयी आपणांशी बोलायचे आहे, ते थोडे निराळे आहे. दाढेवर पूर्वी बसवलेली कॅप फुटते किंवा सैल होते, म्हणून आपण ती काढून नवी बसवून घेतो. दंतवैद्य "आता काळजी नको" असे सांगून निरोप देतात. आणि मग आठवड्यांमागून आठवडे लोटले तरी तीच दाढ दररोज आपली आठवण करून देत राहते. दात किडला असता काय करावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. सर्व काही यथासांग केल्यानंतरही दुखत राहिले तर काय करावे, हे सांगणारा मात्र सहसा भेटत नाही.

हा विषय मला सुचला तो माझ्याच डाव्या बाजूच्या खालच्या दाढेमुळे. मी चेन्नईच्या मैलापूर भागात राहते. आमच्या शेजारी एक तंजावरी मराठी कुटुंब आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर येथे राज्य स्थापिले. त्यानंतर तमिळ देशात जी मराठी घराणी स्थिरावली, त्यांपैकी हे एक. त्यांच्या उंबऱ्याच्या आत मराठी व बाहेर तमिळ. त्या घरच्या आजी गोकुळाष्टमीला तिकडच्या रीतीप्रमाणे सीडै करतात. सीडै म्हणजे तांदळाच्या पिठाची बोराएवढी गोळी खरपूस तळायची आणि देवापुढे ठेवायची. देवाचे दात बळकट असावेत, कारण परवाच्या नव्हे, त्याच्या आदल्या वर्षीच्या अष्टमीला तिसऱ्याच सीडैला माझ्या तोंडात कट्‌ असा आवाज झाला आणि बारा वर्षांपूर्वी पुण्यास बसवलेल्या कॅपचा पोर्सेलिनचा पापुद्रा हातात आला.

पंधरवड्यात नवी कॅप बसली. त्या कामात मला काही वावगे दिसले नाही. दुखणे सुरू झाले ते त्यानंतर.

हे असे का होते, ते समजण्यासाठी दाढेच्या आत एकदा डोकावणे अवश्य आहे. आपण दाताला हाडाचा किंवा दगडाचा तुकडा समजतो. वास्तविक त्याचे केवळ बाहेरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, तेवढेच निर्जीव असते. आणि ते आपल्या शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. त्याच्या आतील थराला डेंटीन असे नाव आहे. हा थर सच्छिद्र असून त्यात एका चौरस मिलिमीटरला हजारोंनी मोजाव्यात इतक्या सूक्ष्म नळ्या असतात व त्या द्रवाने भरलेल्या असतात. या नळ्या ज्या मधल्या पोकळीपाशी पोहोचतात, तेथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचा मऊ गाभा असतो. थंड पाणी दाताला लागले की नळ्यांतील द्रव हलतो आणि त्याच्या हालचालीने गाभ्यातील तंतू चेतवले जातात. स्वीडनमधील ब्रेनस्ट्रोम या दंतवैज्ञानिकाने १९६० च्या दशकात प्रयोगांनी ही उपपत्ती दृढ केली आणि आजही तीच सामान्यतः मानली जाते.

आता कॅपचा विचार करू. कॅप बसवायची म्हणजे दाढ चहूबाजूंनी सुमारे एक ते दोन मिलिमीटर कोरून बारीक करावी लागते. एनॅमलचे कवच बहुतेक जाते आणि त्या नळ्यांची तोंडे उघडी पडतात. जुनी कॅप बदलताना तर आणखी एक संकट असते. ती बाटलीच्या बुचासारखी उपसून निघत नाही. वेगाने फिरणाऱ्या यंत्राने तिला चीर पाडून ती उकलावी लागते. पाण्याचा फवारा चालू असला तरी धक्का, कंप आणि थोडीफार उष्णता आत पोहोचतेच. पुढे दाढ पुन्हा थोडी कोरतात, माप घेतात, नवी कॅप तयार होईपर्यंत तात्पुरती कॅप लावतात. तिच्या कडेने लाळ व जंतू आत झिरपू शकतात. म्हणजे पहा, कधीकाळी लागलेली कीड हा त्या गाभ्याला पहिला आघात, ती भरताना झालेला दुसरा, पहिली कॅप तिसरा आणि आताची चौथी. बोटाला इजा झाली तर बोट सुजते, फुगते आणि बरे होते. दाताचा गाभा कठीण भिंतींच्या कोठडीत असतो. त्याला सुजायला जागाच नाही. सूज आली की आतील दाब वाढतो आणि कित्येकदा त्या दाबानेच गाभ्याचा जीव जातो. हाँगकाँग येथे केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जिवंत दातांवर बसवलेल्या कॅपखाली दीर्घ काळानंतर साधारणतः सहांपैकी एका दाताचा गाभा मृत झालेला आढळला. दंतवैद्याचा हात कितीही कुशल असो, हा धोका शून्यावर येत नाही. आणि ही गोष्ट कॅप बसवण्यापूर्वीच रुग्णाला स्पष्ट सांगितली जावी असे मला मनापासून वाटते.

माझी दाढ पहिल्या दिवसापासून दोन तऱ्हांनी दुखत होती. परंतु त्या दोन निराळ्या तऱ्हा आहेत हे माझ्या ध्यानात यायला दीड महिना लागला. शब्दांची उठाठेव हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. तरीही दंतवैद्यांच्या खुर्चीत बसले की तमिळमध्ये मला एकच शब्द सुचे, तो म्हणजे 'वलि'. वलि म्हणजे दुखणे. दंतवैद्य ऐकत, आरशाने पाहत, "थोडे दिवस थांबा" असे म्हणत. त्यांना दोष तरी काय द्यावा? "दुखते" एवढ्याच शब्दावर निदान करा म्हणणे म्हणजे "गावात कोणीतरी आजारी आहे" एवढ्या निरोपावर वैद्याला बोलावणे होय.

शेजारच्या आजींनी मला शब्द दिले. एके संध्याकाळी त्यांनी विचारले की दुखते म्हणजे नेमके काय होते? कूच्चम् आहे, सुरुक् होते, की विण्-विण् होते? गार पाण्याने दात शिवशिवतात, आंबल्यासारखे होतात, त्याला तमिळमध्ये 'पल् कूच्चम्' म्हणतात. पल् म्हणजे दात, आणि कूच्चम् या शब्दाचा दुसरा अर्थ आहे लाजणे, संकोचणे. दात लाजला! सुई टोचावी तशी क्षणाची सणक म्हणजे सुरुक्. आणि नाडीच्या ठोक्याबरोबर चालणारा ठणका म्हणजे विण्-विण्. मला त्या क्षणी वाटले की आपल्या मराठीतही हे सर्व शब्द आहेत, किंबहुना अधिक आहेत: कळ, सणक, चमक, ठणका, ठसठस, शिवशिव. मग आपण दवाखान्यात गेल्यावर ते सारे घरी ठेवून का जातो?

ही केवळ भाषेची हौस नव्हे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. निरनिराळ्या दुखण्यांचे रुग्ण निरनिराळे शब्द निवडतात, असे त्यांना आढळले होते. दाताच्या बाबतीत तर हा भेद फारच उपयोगी पडतो.

सणक घ्या. माझ्या दाढेत ती चावताना येई, तीही डाव्या बाजूने घास चावला तरच. दाताचे मूळ जबड्याच्या हाडात घट्ट रुतलेले नसते. दोहोंमध्ये तंतूंची एक पातळ गादी असते आणि ती विलक्षण संवेदनाशील असते. दातांमध्ये केसाहून बारीक वस्तू आली तरी ती आपल्याला कळते. नवी कॅप तेवढ्या अंशाने जरी उंच राहिली, तरी प्रत्येक घासाला पहिला मार त्याच दाढेवर बसतो आणि ही गादी दुखावते. कॅप बसवताना दंतवैद्य रंगीत कागद चावायला देऊन उंची तपासतातच. परंतु त्या वेळी जबडा बधिर असतो, तोंड तासभर उघडे राहून थकलेले असते आणि आपण नेहमीसारखे चावत नाही. म्हणून ही चूक कित्येकदा घरी पहिला घास घेतानाच उघडकीस येते. चावताना सणक येते, हे मी स्पष्ट सांगितल्यावर पुन्हा निळा कागद आला, कॅपवर एका कोपऱ्यात गडद ठिपका उमटला, तो दोन मिनिटांत घासून कमी केला, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत ती सणक गेली. दीड महिन्याचा त्रास होता तो! वाचकहो, नवी कॅप इतर दातांच्या आधी लागते असे वाटले तर "सवय होईल" म्हणून स्वस्थ बसू नका. दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगा. मात्र चावताना नव्हे, तर चावा सोडताना कळ येत असेल तर तेही आवर्जून सांगावे; कारण ते बहुधा दाताला तडा गेल्याचे लक्षण असते.

दुसरे दुखणे कूच्चम्‌चे. नव्या कॅपनंतर गारगरम लागल्यास दात शिवशिवणे हे काही दिवस, क्वचित काही आठवडे, स्वाभाविक आहे. येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ते दिवसागणिक कमी होते आहे काय? आणि गार पाणी गिळून झाल्यावर कळ किती वेळ मागे रेंगाळते? पाण्याबरोबर आली आणि पाण्याबरोबर गेली, तर गाभा चिडलेला आहे, परंतु सावरण्याची आशा आहे. अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक वेळ ती मागे घोळत राहिली, तर गाभा सावरण्यापलीकडे गेल्याचा संशय घ्यावा लागतो. मी वहीत लिहू लागले. कार्तिकात दहा सेकंद. पुढे वीस. मार्गशीर्षात, चेन्नईच्या संगीतोत्सवाचे दिवस असताना, गारच नव्हे तर सकाळच्या डबरा-टंबलरमधील गरम कॉफीनेही कळ येऊ लागली. आणि एका रात्री, काहीही न खाता-पिता, दोन वाजता ठणक्याने जाग आली. आडवे झाले की ठणका वाढे, उठून बसले की थोडा कमी होई.

त्या रात्रीनंतर मी जे केले ते करू नये म्हणून सांगते. मी औषधांच्या दुकानातून, कोणाच्याही चिठ्ठीवाचून, प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या. सुजलेल्या गाभ्याच्या ठणक्यावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने २०१९ साली आपल्या मार्गदर्शनात ही गोष्ट स्पष्ट नमूद केली आहे. चेहऱ्यावर सूज पसरली, ताप आला, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळणे-श्वास घेणे जड जाऊ लागले, तर मात्र घरी क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. तेथे प्रतिजैविकांचे काम आहे. साधा ठणका तात्पुरता थोपवण्यास पॅरासिटामॉल, आणि पोटाचा, मूत्रपिंडाचा अथवा दम्याचा विकार नसल्यास आयबुप्रोफेन, ही औषधे उपयोगी पडतात. गर्भवतींनी व डेंग्यूच्या दिवसांत अंगात ताप असलेल्यांनी आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिरता येते, एवढेच. अॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून धरण्याची जी चाल आहे, तिने हिरडी भाजते.

चौथ्या दिवशी मी दाढ काढून टाकण्याचा निश्चय केला. कार्यालयातील एका बाईंनी "एकदा काढलीस की सुटलीस" असे सांगितले होते आणि रात्री दोन वाजता हे वाक्य फार शहाणपणाचे वाटते. मला अडवले ते आजींनी. त्यांनी आपला गाल ओढून मला तोंडाची उजवी बाजू दाखवली. तेथे एकामागोमाग तीन जागा रिकाम्या होत्या. वीस वर्षांपूर्वी त्यांना त्या बाजूला विजेचा झटका बसावा तशा कळा येत. तोंड धुताना हात लागला तरी कळ येई, वारा लागला तरी येई, आणि काही सेकंदांत नाहीशी होई. वरची दाढ दुखते म्हणून ती काढली. कळ राहिली. शेजारची काढली. मग तिसरी. चौथ्या वेळी एका वयस्क दंतवैद्यांनी काढण्यास नकार देऊन त्यांना मेंदूच्या तज्ज्ञांकडे धाडले. दुखत होता तो चेहऱ्याचा मज्जातंतू. अपस्मारावर देतात त्या कार्बामाझेपीन या औषधाने कळा थांबल्या. तिन्ही दाढा निरोगी होत्या.

आजींचे ऐकून मी दुसऱ्या एका दंतवैद्यांचे मत घेतले. त्यांनी क्ष-किरण चित्र काढण्याआधी माझी वही वाचली. मग शेजारच्या निरोगी दातांना बर्फाची कांडी लावली, "गार लागणे म्हणजे काय ते आधी तुमच्याच तोंडाकडून शिकतो," असे म्हणाले, आणि शेवटी त्या दाढेकडे कॅपच्या खाली, हिरडीलगत आले. कळ उठली. त्यांनी मोठ्याने आकडे मोजले. पन्नासापर्यंत मोजून ते थांबले. क्ष-किरण चित्रात काही विशेष दिसले नाही. आणि त्यात नवल नाही असे त्यांनी समजावले. मुळाभोवतीच्या हाडातील खनिज बरेचसे झिजल्यावाचून डाग दिसत नाही आणि धातूच्या कॅपखालचे तर चित्रात दिसतच नाही. चित्र स्वच्छ आहे म्हणून दुखणे खोटे, असे म्हणता येत नाही.

नवी कॅप न काढता तिच्या माथ्यातूनच एक लहान छिद्र पाडून रूट कॅनाल केली. सुजलेला गाभा काढला, मुळांतील वाटा स्वच्छ करून भरल्या, छिद्र बुजवले. त्याच रात्री मी सकाळपर्यंत झोपले. पुढे आठवडाभर चावताना मुळाशी दुखरेपणा होता, तो हळूहळू गेला. दाढ आज जागेवर आहे.

सर्वांचेच इतके सुरळीत होते असे नाही. रूट कॅनालनंतर सहा महिने उलटले तरी शंभरांतील सुमारे पाच दातांत काही ना काही दुखणे उरते, असे अनेक पाहण्यांचे एकत्रित गणित २०१० साली मांडले गेले. त्यांतील काहींचे कारण दातात सापडते. मुळातील एखादी वाट नजरेतून सुटलेली असते, वरच्या पहिल्या दाढेत तर चौथी वाट पुष्कळदा दडून बसते. परंतु काहींच्या दातात, हिरडीत, हाडात काहीच सापडत नाही आणि तरीही दुखते. दुखण्याचा निरोप वाहून नेणारी यंत्रणाच बिघडून गेलेली असते. घंटा वाजवणारा निघून गेला तरी घंटा वाजत राहावी तसे. तोंड व चेहऱ्याच्या वेदनांच्या २०२० सालच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या अवस्थेला स्वतंत्र स्थान दिले आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे, दिवसातून तासन्‌तास राहणारे, एकाच जागी मंद दुखणारे असे हे दुखणे असते. ते मनाचे खेळ नव्हेत. त्यावर मज्जातंतूंना शांत करणारी औषधे अल्प मात्रेत देतात, त्यांचा गुण हळूहळू येतो. पुन्हा कोरणे, पुन्हा रूट कॅनाल, पुन्हा दात काढणे यांनी मात्र ते बहुधा वाढते.

दाताबाहेरची आणखी काही दुखणी दाताचे सोंग घेऊन येतात. सर्दीनंतर गालाच्या हाडातील पोकळी सुजली तर वरच्या दाढा एकदम तीन-चार दुखतात आणि खाली वाकले की अधिक दुखतात. रात्री झोपेत दात करकरा खाणाऱ्यांचे दात सकाळी आंबलेले असतात. आणि जिना चढताना खालचा जबडा दुखू लागून विसावा घेतला की थांबत असेल, तर दंतवैद्याकडे नव्हे, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे जावे.

एवढ्या तपासण्या आम्हाला परवडतील काय, असे कित्येक वाचकांच्या मनात येईल. थंडीची परीक्षा, निळा कागद, बोटाने ठोकून पाहणे, यांना मोठी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो वेळ. जेथे दंतवैद्यकाचे शिक्षण दिले जाते अशा सरकारी रुग्णालयांत ही तपासणी अल्प खर्चात होते. चेन्नईत फोर्ट रेल्वे स्थानकाजवळ असलेले तमिळनाडू सरकारचे दंत महाविद्यालय १९५३ साली मद्रास मेडिकल कॉलेजची एक शाखा म्हणून सुरू झाले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय त्याहून वीस वर्षे जुने, १९३३ चे. अशा ठिकाणी रांगेत बसावे लागते हे खरे, परंतु रांगेत बसून वही भरता येते. कधीपासून दुखते, गारने, गरमने की चावल्याने, आले की किती वेळ राहते, रात्री उठवते काय, बोट ठेवून दात दाखवता येतो की नुसती बाजू सांगता येते. हे शेवटचेही महत्त्वाचे, कारण गाभ्याला आपली जागा सांगता येत नाही. खालची दाढ दुखत असता माणूस वरची दाखवतो. गादी सुजली म्हणजे मात्र नेमके बोट ठेवता येते. आणि शब्द आपल्या घरातलेच लिहावेत. मराठी रुग्णाने 'ठसठसते' म्हटले आणि दंतवैद्य अन्य भाषेचे असले, तर ते अर्थ विचारतील. त्या विचारण्यातूनच पुष्कळदा निदान पुढे सरकते.

परवाच्या गोकुळाष्टमीला आजींकडून पुन्हा बोलावणे आले. मी डबा उघडण्याआधीच त्यांनी मला आत स्वयंपाकघरात नेले. ओट्यावर पितळी खलबत्ता होता आणि सीडैचे दोन वाटे कुटून ठेवलेले होते, एक त्यांचा आणि एक माझा.